मला एकटीला कळलेली सुरंग

लातूरच्या आमच्या कॉलनीतली पोरं मोठी वस्ताद आहेत. रविवारी सकाळी महादेवाच्या देवळाच्या ओट्यावर मी त्यांना गोष्टी सांगते, आणि सध्या त्यांना एकच नाद लागलाय, भुयारांचा. बरं, नुसत्या गोष्टी चालत नाहीत, खऱ्या पाहिजेत. "मावशी, हे खरं का?" असं दर दोन वाक्यांनी विचारतात. अरे बाबांनो, गोष्ट ऐकायला आलात की पंचनामा करायला?

तसं त्यांचं तरी काय चुकतं म्हणा. आमच्या मराठवाड्यात भुयार नाही असं गाव सापडायचं नाही. कंधारच्या किल्ल्यातून एक निघतं, उदगीरच्या किल्ल्यातून एक निघतं, कुठल्याशा गढीतून निघतं ते थेट नदीत उघडतं. घोड्यावर बसलेला माणूस जाईल एवढं ते उंच असतं. कुणाच्या तरी पणजोबांनी ते डोळ्यांनी बघितलेलं असतं. एक वऱ्हाड आत गेलं ते परत आलंच नाही, हेही प्रत्येक गावात ठरलेलं. तोंड मात्र बुजवलेलं असतं. का, तर म्हणे शेरडं आत जायची. मी या थापा चवीनं ऐकल्यात आणि चवीनंच सांगते. पण खरी म्हणाल तर माझ्याकडे एकच गोष्ट आहे, आणि तिच्यात भुयार नाही. तिच्यात न उडालेला सुरुंग आहे, आणि त्याला भुयाराचं दार समजून लोखंडी सळईनं ठोकत बसलेली एक पोरगी आहे. ती मी. पहिल्यांदाच सांगून टाकते, म्हणजे पंचनामावाल्यांचं समाधान होईल.

असला घोटाळा करायला माणूस आमच्याच भागातलं लागतं. लहानपणी आम्ही लोह्याला राहायचो. आमच्या घराला लागून एका खालांचं, म्हणजे मुसलमान मावशींचं, घर होतं, मधली भिंत दोघांची मिळून. सुट्टीत दुपारचं जेवण झालं की मी त्यांच्याकडे जाऊन लोळायची. वाळ्याचा कूलर घुरघुरत असायचा, खाला पानाचा डबा उघडून बसलेल्या असायच्या आणि अर्ध्या झोपेत बोलायच्या. कंधार लोह्यापासून असं किती लांब! तिथल्या किल्ल्यातल्या सुरंगीची गोष्ट त्यांनी मला किती वेळा सांगितली, देव जाणे. दर वेळी ती सुरंग थोडी लांब व्हायची. आधी किल्ल्यातून तळ्यापर्यंतच जायची. मग लोह्यापर्यंत आली, आमच्या गल्लीखालून गेली, आणि शेवटी पार नांदेडला गोदावरीच्या घाटावर निघाली. "अंदर ठंडा रहता बेटा," खाला म्हणायच्या, "ना धूप, ना धूल. बस चलते रहना." मी शहाबादी फरशीला कान लावून पडायची. फरशी गार लागायची, डोळे जड व्हायचे, आणि खालून कुणीतरी सावकाश चाललंय असं मला खरंच ऐकू यायचं. अजूनही दुपारी फरशीवर पाठ टेकली की ते ऐकू येतं, आता काय करणार.

तर माझ्यासाठी जमिनीखालची वाट म्हणजे सुरंग. भुयार हा शब्द मी नंतर शाळेच्या पुस्तकात वाचला. आणि चाकूरकडे, माझ्या मामाच्या गावी, सुरुंग म्हणजे खडक फोडायला भोकात ठासतात ती दारू. मधल्या एका उकाराचा काय तो फरक. मला त्या वयात उकारबिकार कळत नव्हते.

मी चौथीतून पाचवीत गेले त्या उन्हाळ्यात आईच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं. तिला नांदेडला दवाखान्यात ठेवलं, बाबा तिच्यापाशी राहिले आणि मला मामाकडे धाडलं. मामी त्याच साली लग्न होऊन आलेली. माहेर उदगीरच्याही पलीकडं, घरात कानडी बोलणारं. मराठी बोलायची ती शब्द चाचपून चाचपून, चुकलं तर सासरचे हसतील या धाकानं. वय काय असेल तिचं, वीस-एकवीस. कॉलेजातल्या पोरी असतात तेवढी. दवाखान्यात जायच्या आधी आईच मला सोडायला आली, बसमधनं उतरवलं आणि माझा हात मामीच्या हातात दिला. मला आठवतं, मामीचा हात घामेजला होता.

मामा चाकूरला गेला की बाबांना फोन लावायचा आणि घरी येऊन सांगायचा, "बरं हाय, बरं हाय." बाकी काही नाही. मग तो आणि मामी चुलीपाशी हळू आवाजात बोलायचे, आणि मी गेले की गप्प व्हायचे. मोठी माणसं लेकरांसमोर गप्प झाली की लेकरांना काही कळत नाही असं त्यांना वाटतं. मला सगळं कळत होतं. आई मरून राहिली आणि हे मला सांगत नाहीत, असं मी मनात धरून बसले. दिवेलागणीला मी रस्त्याकडं तोंड करून बसायची. मामी मला मांडीवर घेऊन कानडीत काहीतरी गुणगुणायची, ते गोड वाटायचं, पण ते काही नांदेडला नेणारं नव्हतं.

मामाच्या शेतात तेव्हा विहीर खोदायचं काम चालू होतं. वर यारी बसवलेली, म्हणजे दगड उपसायचं मशीन, आणि खाली खडकात भोकं पाडून ती उडवायची. हे काम नांदेडहून आलेल्या एका गड्याकडे होतं. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. बत्ती द्यायची वेळ झाली की उस्ताद मोठ्यानं आरोळी ठोकायचे आणि सगळी माणसं लिंबाखाली पळायची. मग मोठ्यानं मोजायचं. जेवढी भोकं तेवढे आवाज व्हायला पाहिजेत. गडी मोजायचे, बाया मोजायच्या, शेजारच्या रानातला म्हातारा बांधावरून मोजायचा. मला तो खेळच वाटायचा.

त्या दिवशी सकाळी एक आवाज कमी आला. मग भांडण सुरू. मामा म्हणे, "दोन एकदम उडले." म्हातारा म्हणे, "न्हाई, एक कमी हाय, माझं चुकत नसतंय." उस्तादांनी सगळ्यांना हातानं गप्प केलं आणि विहिरीकडे बघत म्हणाले, "एक सुरंग अंदरिच रह गई. नीचे कोई नक्को उतरो." ते सामान आणायला चाकूरला गेले. मामानं पायऱ्यांच्या तोंडावर बाभळीच्या फांद्या ओढून टाकल्या आणि सगळ्यांना दम भरला, मलाही भरला.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सुरंग! उस्ताद माझ्या खालांच्या बोलीत बोलले होते. या चाकूरवाल्यांना काय कळतंय उर्दू? त्यांना फक्त "उतरू नका" एवढंच कळलं. मला एकटीलाच कळलं की खडक फुटता फुटता आत सुरंग लागलीय, आणि उस्ताद ती लपवून राहिलेत. ती दुसरी कुठली असणार? किल्ल्याचीच. आणि ती नांदेडला निघते. घाटावर. घाटावरून दवाखाना कुणालाही विचारला तरी सांगेल. मी मनातल्या मनात आईच्या कॉटपाशी जाऊन पोचलेसुद्धा. तिच्या पायाशी बसले, तिनं विचारलं कशी आलीस गं, मी म्हटलं चालत आले, ऊन लागलं नाही. हे मी इतक्या वेळा बघितलं की पुढचं सगळं त्याच गुंगीत केलं. भीती म्हणून वाटली नाही.

दुपारी सगळी माणसं जेवून लिंबाखाली आडवी झाली. ऊन असं, की कुत्रं हलायचं नाही. मी यारीपाशी पडलेली एक सळई उचलली, त्या सळईनंच बाभळीच्या फांद्या बाजूला सारल्या आणि उतरले.

तुम्ही खोदत्या विहिरीत कधी उतरलायत का? नका उतरू, पण कशी असते ते सांगते. वरच्या पायऱ्यांवर ऊन असतं, पांढरं, डोळ्यात जाणारं. थोडं खाली मुरमाचा थर संपतो आणि काळा खडक लागतो, आणि तिथं ऊन एकदम तुटतं. अंगाला गारवा येऊन भिडतो. कोपऱ्यात पाणी पाझरत असतं, थेंब पडतो, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा पडतो. वर बघितलं तर आभाळ परातीएवढं. पारवे आत येत होते आणि मला बघून परत फिरत होते. माझ्या पावलांचा आवाज माझ्या मागून येत होता. खाला म्हणायच्या तसंच होतं सगळं. ना धूप, ना धूल. मला इतकं शांत त्या सबंध सुट्टीत वाटलं नव्हतं. तिथंच बसून राहावं आणि कुणी हाक मारू नये असं वाटत होतं.

आणि समोर खडकात, माझ्या छातीच्या उंचीला, ते होतं. दार नव्हतं, दार कसलं, पण एक गोल भोक होतं, दोन बोटं जातील एवढं. आत लाल माती ठासून भरलेली, आणि बाहेर बारीक वायर लोंबत होती. मी लगेच ओळखलं. कुलपाचं भोक! कुणी चावी घालू नये म्हणून उस्तादांनी मातीनं बुजवलंय. मी सळईचं टोक मातीत घातलं आणि कोरायला लागले. माती घट्ट होती. थोडी निघाली. मग वाटलं, कोरत बसण्यापेक्षा ठोकावं, पलीकडं कुणी असलं तर उघडेल. मी खडकावर सळईनं ठोकलं. टक, टक, टक. थांबले. कान दिला. थेंब पडला. परत ठोकलं.

तोच ठोका वर मामीला ऐकू आला. ती गड्यांसाठी पाण्याची घागर घेऊन येत होती. पुढं मी लातूरला क्लासला राहायला आले तेव्हा तिनंच हे सांगितलं. तिनं घागर कधी खाली ठेवली ते तिला आठवत नाही. काठावर येऊन तिनं वाकून बघितलं, आणि तिला मी दिसले, माझ्या हातातली सळई दिसली, आणि ती वायर. ओरडायला तोंड उघडलं होतं म्हणे. पण ओरडलं की पोर दचकणार, आणि दचकली की सळई तिथंच आपटणार. तिनं तोंड मिटून घेतलं. मामाला हाक मारावी तर मामाचा आवाज कसा, ते अख्ख्या गावाला माहीत! तो बोंबलतच आला असता.

म्हणून ती एकटीच उतरली. चपला वर काढून ठेवल्या. गळ्यातलं इष्टलिंग एका मुठीत धरलेलं.

"काय करून राहिलीस गं माय?" तिनं विचारलं. अगदी सहज, जेवली का विचारावं तसं.

मी वळून पाहिलं. ती चार पायऱ्या वर उभी होती. हसत होती.

"दार उघडून राहिले," मी म्हटलं. "सुरंगीचं. ही नांदेडला निघती. आईकडं चाललेय मी."

मामी एक पायरी खाली आली. तिला सुरंग-बिरंग काही कळलं नाही. पण आईकडं चाललेय, हे कळलं. मी परत खडकाकडे वळले आणि सळई उचलली.

"ठोकू नको माय," मामी म्हणाली. "दुपार हाय. आजारी माणसाचा दुपारी डोळा लागतो. तू ठोकलीस तर आई दचकंल."

हे मला पटलं. खरंच की. आईला दुपारी कुणी उठवलेलं खपत नसे, बरी असतानाही. माझा हात तिथंच थांबला.

"मग उघडू कसं?"

"त्याची चावी उस्तादकडं हाय. ते आल्यावर मागू. आता सळई खाली ठेव. सावकाश. वाजू देऊ नको."

मी सळई दोन्ही हातांनी धरून जमिनीवर ठेवली, इतकी हळू की मलाही ऐकू आली नाही. मामी उरलेल्या पायऱ्या उतरून आली, माझ्या आणि खडकाच्या मधे उभी राहिली, आणि माझं मनगट धरलं. मला पुढं घातलं, आपण मागं राहिली. "मेल्लग, मेल्लग," असं म्हणत राहिली. कानडीत हळू हळू. मला तो शब्द फार आवडला, मी पण म्हणायला लागले. अशा आम्ही दोघी मेल्लग मेल्लग करत उन्हात आलो.

वर आल्यावर तिनं मला एक सणसणीत ठेवून दिली. मग छातीशी धरलं. मग खालीच बसली. तिची मूठ काही माझ्या मनगटावरून सुटेना. मामा धावत आला, त्याला काय झालं ते कळलं आणि त्याच्या तोंडून पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. एक एक बोट सोडवून त्यानं तिची मूठ उघडली.

उन्हं कलताना उस्ताद आले. त्यांनी त्या भोकाला हात लावला नाही, त्याच्या बाजूला जरा अंतर राखून दुसरं भोक पाडलं आणि दोन्ही मिळून उडवली. लिंबाखाली मी मामीला चिकटून उभी होते. आवाज झाला तो इतका मोठा, की पारवे गावापर्यंत उडाले. दगड यारीच्याही वर गेले. मला रडू फुटलं. मामाला वाटलं, पोरगी घाबरली. मी कसली घाबरतेय! मी म्हटलं, "एवढ्या मोठ्यानं कशाला वाजवलं? आई उठली असंल आता."

उस्तादांनी विचारलं, कसली आई? मग मी त्यांना स्पष्टच सांगितलं, की तुम्हीच सकाळी म्हणालात सुरंग आहे, बाकीच्यांना कळलं नाही पण मला कळलं, आणि चावी द्या. उस्तादांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "या अल्लाह," म्हणाले, "मैं बारूद बोला बेटा. बारूद." आणि तिथंच मातीत बसले. त्यानंतर त्यांनी मामाच्या विहिरीवर तरी सुरंग हा शब्द उच्चारला नाही. एखादा सुरुंग न उडता राहिला की बारूद म्हणायचे, आणि माझ्याकडे बघून आधी उर्दूत, मग मराठीत, मग हातवारे करून समजावायचे.

मामाला हे बाबांना कळवायचं होतं. मामी आडवी आली. आक्काच्या पोटाला टाके हायत, ऐकून उठायला बघंल, काही सांगायचं न्हाई, असं तिनं मामाला चक्क बजावलं. नवी सून नवऱ्याला बजावते हे त्या घरानं तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. आणि त्यानंतर मी लोह्याला जाईपर्यंत ती मला घेऊनच फिरली. धुण्याला गेली तर मी बरोबर, भाकरी थापायला बसली तर माझ्या परकराचं टोक तिच्या गुडघ्याखाली. मला राग यायचा. मी म्हणायची, मामी, मी काय वासरू आहे का? ती हसायची आणि टोक सोडायची नाही.

आई घरी आली. ऑपरेशन चांगलं झालं होतं, बाकी सगळं माझ्या मनानं धरलेलं. मामीनं मला नवा फ्रॉक घातला, तेल लावून दोन वेण्या घातल्या आणि आम्ही एसटीनं लोह्याला निघालो. अख्ख्या रस्त्यात माझा हात तिच्या हातात. खिडकीशी बसू दिलं नाही. मी फुगून बसले.

आई ओसरीत बाजेवर टेकून बसली होती. वाळली होती, पण आईच होती. मी धावले, तशी ती म्हणाली, "हळू, हळू, टाके हायत." मामी दारातच उभी राहिली. तिनं पदर सारखा केला, माझी पिशवी खाली ठेवली, आणि म्हणाली,

"घ्या आक्का, तुमची पोरगी. हाय तशी आणून दिली."

आई हसली. "मग काय, अर्धी ठेवून घेणार होतीस?"

मामीनं तोंडाला पदर लावला आणि भिंतीला टेकून रडायलाच लागली. हुंदके देऊन, खांदे हलवून, विहिरीतून वर आल्यावर सुद्धा रडली नव्हती तशी. आईला काही कळेना. मी आईच्या कुशीत, मलाही काही कळेना. आईनं एक हात पोटावर धरला, दुसऱ्यानं मामीला खुणावून जवळ बसवलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवायला लागली.

"अगं येडे," आई म्हणाली, "एवढा लळा लागला होय? रडू नको. दिवाळीला परत पाठवते की हिला तुझ्याकडं."

मामीनं मान डोलावली, आणि आणखीच रडायला लागली.